पलीकडच्या टेबलावरची फाईल

मराठीत 'फाईल अडवणं' या शब्दांना एक वास आहे. ऐकल्याबरोबर टेबलाखालचा हात आठवतो, 'साहेब दौऱ्यावर आहेत' आठवतं, एकाच सहीसाठी घातलेल्या चार चकरा आठवतात. म्हणून मी आमच्याकडच्या नव्या पोरांना सांगतो, की एका बाईंनी सरकारी नोकरीला लागल्यावर महिन्याभरात हातात आलेली फाईल दीड वर्ष अडवून ठेवली आणि त्यासाठी राष्ट्राध्यक्षांच्या हातून पदक घेतलं, तेव्हा पोरं आधी हसतात.

मी औषध कंपनीत रेग्युलेटरी अफेअर्सला आहे, म्हणजे आमच्या भाषेत 'आरए'. औषधाची कुंडली मांडायची, तिला डॉसियर म्हणतात, ती देशोदेशीच्या सरकारी यंत्रणांकडे पाठवायची, त्यांच्याकडून क्वेऱ्या आल्या की धावपळ करून उत्तरं द्यायची आणि मार्केटिंगवाल्यांना 'अजून अप्रूव्हल नाही' हे रोज नव्या शब्दांत सांगायचं, एवढंच आमचं काम. बी. फार्म. करून येणाऱ्या मुलांना पहिल्या आठवड्यात मी हे प्रकरण वाचायला देतो. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या प्रकरणात माझी खुर्ची बाईंच्या टेबलाच्या पलीकडे आहे. फोन करून करून त्यांचा जीव खाणाऱ्या माणसाचं जे काम होतं, तेच मी करतो.

सप्टेंबर १९६०, वॉशिंग्टन. अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी यंत्रणेकडे (आपल्या बांद्र्याच्या एफडीएशी गल्लत नको) सिनसिनाटीच्या विल्यम एस. मेरेल कंपनीचा अर्ज येतो. औषधाचं नाव केव्हाडॉन, मूळ रसायन थॅलिडोमाइड, काम झोप आणणं. पश्चिम जर्मनीतल्या ग्रुनेनथाल कंपनीने ते १ ऑक्टोबर १९५७ पासून 'कॉन्टेर्गान' नावाने बाजारात आणलं होतं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायचं. ब्रिटनमध्ये १९५८ पासून 'डिस्टाव्हल' म्हणून विकलं जात होतं. त्या काळात झोपेची गोळी म्हणजे बार्बिट्युरेट, आणि ती मूठभर घेतली की माणूस जायचा. ही नवी गोळी उंदरांना कितीही चारली तरी उंदीर मरत नव्हते. एवढी निर्धोक गोळी म्हटल्यावर पोरंबाळं असलेल्या घरांत ती शिरायला वेळ लागला नाही. गरोदर बायकांच्या सकाळच्या मळमळीवरही सर्रास दिली जाऊ लागली.

फाईल फ्रान्सिस केल्सी यांच्याकडे आली. त्यांना नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता. अर्ज सोपा आहे, नव्या बाईंना सुरुवात करायला बरा, असाच तेव्हाचा हिशोब होता.

तेव्हाचा अमेरिकी कायदा १९३८ चा. कंपनीने औषध सुरक्षित असल्याचा पुरावा द्यायचा आणि एफडीएने ६० दिवसांत हरकत घेतली नाही, तर अर्ज आपोआप मंजूर. औषध गुणकारी आहे की नाही हे विचारायचा अधिकारच नव्हता, विचारायचं ते फक्त सुरक्षिततेबद्दल. म्हणजे अधिकाऱ्याने काहीच केलं नाही तर औषध बाजारात जाणार, ते थांबवायचं तर कारण लेखी द्यायचं. आपल्याकडच्या 'काहीच न करता' फाईल अडवण्याच्या बरोबर उलट व्यवस्था.

हा कायदा प्रेतांवरून आला होता. १९३७ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध गोड द्रवरूपात आणलं आणि विरघळवायला डायइथिलीन ग्लायकॉल वापरलं. ते विष आहे. शंभरावर माणसं गेली, त्यांत पुष्कळ मुलं. हे सांगताना माझा सूर बदलतो हे मला माहीत आहे, कारण तेच द्रव १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये निघालं आणि १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाचं नाव आमच्या धंद्यात आजही खाली आवाजात घेतात. पन्नास वर्षांत रसायन बदललं नव्हतं, देश बदलला होता.

१९३७ च्या त्या प्रकरणात नेमकं काय मारतंय हे शोधायला शिकागो विद्यापीठातल्या प्राध्यापक गाइलिंग यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर काम झालं. तिथे एक विद्यार्थिनी होती, फ्रान्सिस ओल्डहॅम, म्हणजे लग्नाआधीच्या केल्सी. ती तिथे पोचली तीही गंमतच. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून तिने अर्ज पाठवला होता, त्याला उत्तर आलं 'प्रिय मिस्टर ओल्डहॅम' असं. इंग्रजीत फ्रान्सिस हे नाव बाईचं की बाप्याचं हे एका अक्षरावर ठरतं आणि गाइलिंगसाहेबांची तिथे फसगत झाली असावी. आपण बाई आहोत हे कळवावं का, असं तिने आपल्या प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, वेडेपणा करू नकोस, हो म्हण, सही कर आणि कंसात 'मिस' लिही.

पुढे युद्धकाळात गाइलिंग यांच्याच प्रयोगशाळेत तिने मलेरियावरच्या क्विनिनवर काम केलं. ससा क्विनिन पटकन पचवतो, गाभण सशीण तितक्या लवकर पचवत नाही आणि तिच्या पोटातल्या पिल्लाला तर ते पचवताच येत नाही, असं दिसलं होतं. आईला सोसणारं औषध बाळाला सोसेलच असं नाही, ही गोष्ट १९६० साली बहुतेक डॉक्टरांच्या डोक्यात नव्हती. या बाईंनी ती सशांमध्ये पाहिली होती.

मेरेलच्या अर्जाचे जाडजूड खंड तिघांनी वाचले. रसायनाचा भाग ली गाइस्मर यांनी, प्राण्यांवरच्या प्रयोगांचा जिरो ओयामा यांनी आणि माणसांवरचा केल्सी यांनी. तिघांच्याही हाती पोकळ माल लागला. माणसांवरचे म्हणून दिलेले अहवाल म्हणजे डॉक्टरांची शिफारसपत्रं होती. 'मी माझ्या पेशंटना दिलं, छान झोप लागली' या धर्तीची. किती जणांना दिलं, किती दिवस, कोणाशी तुलना करून, नंतर काय तपासलं, याचा पत्ता नाही. केल्सींचे पती स्वतः औषधशास्त्रज्ञ आणि सरकारी नोकरीतच. अर्जातला शास्त्रीय भाग वाचून त्यांनी शेरा मारला, त्याचा मथितार्थ असा, की रसायनशास्त्र न कळणाऱ्यांवर छाप पाडायला रचलेलं हे निरर्थक शब्दांचं कडबोळं आहे.

एक विसंगती मात्र बघण्यासारखी होती आणि मी पोरांना तिथेच थांबवतो. गोळी झोपेची आहे. माणूस ती घेऊन झोपतो. प्राणी झोपत नाहीत. आणि कितीही दिली तरी मरतही नाहीत. कंपनी म्हणते, बघा, किती सुरक्षित! केल्सी म्हणतात, थांबा. प्राण्याला झोपही येत नाही आणि तो मरतही नाही, तर औषध त्याच्या अंगात शिरतंय तरी का? शिरत नसेल तर 'उंदीर मेले नाहीत' या वाक्याला किंमत काय? आणि माणसात ते शिरतं, कारण माणूस झोपतो. मग एखाद्या आजारी माणसाच्या आतड्यातून ते जास्त शिरलं तर?

या प्रश्नाला प्रतिभा लागत नाही. दोन ओळी शेजारी ठेवून वाचाव्या लागतात, इतकंच. अर्ज तयार करणाऱ्यांनीही त्या वाचल्या असतीलच. पण पहिली ओळ 'गुणकारी' या प्रकरणात होती, दुसरी 'सुरक्षित' या प्रकरणात, आणि दोन प्रकरणं दोन माणसांची.

१० नोव्हेंबर १९६० ला, ६० दिवस भरायच्या आत, केल्सींनी पत्र धाडलं की अर्ज अपुरा आहे, ही ही माहिती द्या. घड्याळ पुन्हा शून्यावर. कंपनीने माहिती दिली की पुन्हा ६० दिवस, पुन्हा पत्र. मेरेलला नाताळच्या आधी गोळी दुकानात हवी होती. झोपेच्या गोळ्यांचा हंगाम नाताळातच असावा, असं बाई पुढे खवचटपणे म्हणत. नाताळ गेला. मार्चची तारीख ठरली, तीही गेली.

आणि इथे माझ्या खुर्चीवरचा माणूस गोष्टीत येतो, जोसेफ मरे. कंपनीतर्फे एफडीएशी बोलायचं काम त्यांचं. त्यांनी फोन केले, भेटी घेतल्या, बाईंच्या वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. बाई हटवादी आहेत, बारीकसारीक खुसपटं काढतात. हा माणूस खलनायक होता असं मला कधी वाटलं नाही. मागे गोदामात माल तयार, विक्रीची माणसं तयार, वरून रोज विचारणा. त्या जागी बसलं की समोरच्याचा प्रत्येक प्रश्न खुसपटच वाटतो. महिनाअखेरीला क्यूएच्या, म्हणजे मालाची गुणवत्ता बघणाऱ्या माणसाने बॅच अडवली की प्रॉडक्शनवाले ज्या स्वरात बोलतात, तो स्वर मी वीस वर्षं ऐकतोय. कधी कधी तो माझाच असतो.

मरे यांच्या हातातला हुकमी एक्का म्हणजे बाकीचं जग. युरोपात तीन वर्षं चाललंय, शेजारच्या कॅनडाने मान्यता दिली आहे, लाखो लोक घेताहेत, मग तुम्हालाच काय अडचण? पुढे हे औषध वेगवेगळ्या नावांनी चाळीसहून अधिक देशांत पोचलेलं निघालं. एवढ्या देशांपुढे एक नवी अधिकारी बाई. आता या चाळीसांकडे जरा जवळून बघा. पश्चिम जर्मनीत १९५७ साली बाजारात येण्याआधी औषधाची सुरक्षितता सरकारने तपासावी असा कायदाच नव्हता. ब्रिटनमध्येही नव्हता. तिथे तपासणारी समिती आली ती १९६३ मध्ये, थॅलिडोमाइडनंतर. म्हणजे ज्या दोन देशांच्या जोरावर 'जगाने मान्य केलंय' असं म्हटलं जात होतं, तिथे कोणी नाही म्हणालं नव्हतं इतकंच खरं. हो म्हणणाराही कोणी बसलेला नव्हता. बहुमत भलंमोठं दिसत होतं, पण त्यातली मोठमोठी मतं पडलीच नव्हती.

मेंढरं एकामागोमाग जातात असं आपण सहज म्हणून जातो. माझा अनुभव असा, की माणसं मेंढरासारखी क्वचितच वागतात. आधीच्याने बघितलं असेल असं प्रत्येक जण प्रामाणिकपणे धरून चालतो आणि आपलं टेबल नीट सांभाळतो. सगळे कामसू, कोणी आळशी नाही, आणि तरी ती एक गोष्ट कोणीच बघितलेली नसते.

केल्सी यांचं वेगळेपण मला इथे दिसतं. हे औषध वाईट आहे, असं उलट मत त्यांनी धरलेलं नव्हतं. त्यांना ते माहीतच नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की तुम्ही म्हणता ते या कागदांत नाही. बंडखोरीशी याचा काही संबंध नाही. आमच्याकडे दर वर्षी एखादा बंडखोर येतो, त्याला प्रत्येक एसओपी, म्हणजे कामाची लेखी ठरवून दिलेली पद्धत, मूर्खपणाची वाटते आणि सहा महिन्यांत तो दुसऱ्या कंपनीत जातो. बाई नियमाने चालणाऱ्या होत्या. नियमाने दिलेला अधिकार त्यांनी पूर्ण वापरला, बाकीच्यांनी तो वापरला नाही किंवा त्यांच्याकडे तो नव्हताच.

फेब्रुवारी १९६१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलचा ३१ डिसेंबर १९६० चा अंक त्यांच्या हाती पडला. त्यात स्कॉटलंडमधल्या टरिफ गावच्या लेस्ली फ्लॉरेन्स या साध्या फॅमिली डॉक्टरचं एक छोटं पत्र होतं. बरेच महिने थॅलिडोमाइड घेणाऱ्या चार पेशंटांचे हातपाय बधिर पडले, मुंग्या येऊ लागल्या, हा दोष औषधाचा असेल का, अशी पृच्छा. नसांना इजा, म्हणजे पेरिफेरल न्यूरायटिस. मेरेलच्या कागदांत याचा उल्लेख नव्हता. कंपनी म्हणाली, असं क्वचितच होतं, औषध थांबवलं की जातं.

५ मे १९६१ चं केल्सी यांचं पत्र या साऱ्या प्रकरणाचा कणा आहे. नसांच्या इजेची माहिती तुमच्याकडे होती आणि तुम्ही ती मोकळेपणाने दिली नाहीत, असं त्यांनी सरळ लिहिलं. मरे यांनी वरिष्ठांना फोन करून हे अब्रुनुकसानीच्या जवळ जाणारं आहे अशी कुरकुर केली. आणि त्याच काळात बाईंनी पुढचं पाऊल टाकलं. एवढे दिवस घेतल्यावर मोठ्या माणसाच्या नसा दुखावत असतील तर गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाचं काय? सुरक्षित आहे याचा पुरावा द्या. पुरावा द्यायचं ओझं अर्जदारावर आहे. हा प्रश्न क्विनिनच्या सशांमधून आलेला, हे त्यांनीच पुढे सांगितलं.

पुरावा नव्हता. सिनसिनाटीतल्या एका प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने जून १९६१ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकात लेख आला की बाळांना काही होत नाही. तो लेख मेरेलच्याच वैद्यकीय अधिकाऱ्याने लिहून दिला होता, हे नंतर उघड झालं. डॉक्टरसाहेबांची फक्त सही.

मग नोव्हेंबर १९६१. हाम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ हात किंवा पाय नसलेल्या, खांद्यालाच पंजा फुटलेल्या बाळांच्या आयांना एक एक करून विचारत होते की गरोदरपणी काय काय घेतलंत. उत्तर एकच येत होतं. २७ नोव्हेंबरला जर्मनीत औषध मागे घेतलं गेलं, काही दिवसांत ब्रिटनमध्ये. मेरेलने ३० नोव्हेंबरला एफडीएला फोन करून कळवलं. अर्ज अधिकृतपणे मागे घेतला तो मार्च १९६२ मध्ये. जगभर दहा हजारांहून जास्त बाळं या औषधाने पंगू जन्मली, पुष्कळशी जन्मतःच किंवा थोड्या दिवसांत गेली. गर्भ राहिल्यापासून साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसात एखादी गोळी पोटात गेली तरी पुरत असे. त्या दिवसांत कित्येक बायकांना आपण गरोदर आहोत हेही ठाऊक नसतं.

इथे पोरं टाळ्या वाजवायच्या बेतात असतात. पण अमेरिका सुटली हे पूर्ण खरं नाही. परवानगी यायच्या आधीच मेरेलने 'चाचणी'च्या नावाखाली सुमारे २५ लाख गोळ्या बाराशेच्या वर डॉक्टरांना वाटून टाकल्या होत्या. सुमारे वीस हजार पेशंटांनी त्या घेतल्या. अनेक डॉक्टरांनी कोणाला दिल्या याची नोंदही ठेवलेली नव्हती आणि तेव्हाच्या कायद्याने पेशंटला 'हे औषध अजून तपासणीत आहे' असं सांगायचंही बंधन नव्हतं. परदेशातून आणलेल्या गोळ्या धरून अशी १७ बाळं अमेरिकेतही जन्मली. केल्सी यांची फाईल बंद असताना हे मागच्या दाराने चाललं होतं. टेबलावर कितीही शहाणा माणूस बसवा, मागचं दार त्याला दिसत नाही. १९६२ च्या ऑक्टोबरात आलेल्या केफॉवर–हॅरिस दुरुस्तीने ते दार लावलं. पेशंटची संमती आणि औषध गुणकारी असल्याचा पुरावा, दोन्ही सक्तीचे झाले. साठ दिवसांची आपोआप मंजुरीही गेली.

आता परत 'फाईल अडवणं'. मुलं विचारतात, आणि बरोबर विचारतात, की सर, आपल्याकडेही क्वेऱ्या काढून काढून अर्ज लटकवणारे असतातच की, मग फरक काय? मी त्यांना केल्सींची हरकत आणि लटकवणाऱ्याची हरकत शेजारी ठेवायला लावतो. केल्सींची हरकत लेखी आहे, मुदतीत आहे, आणि काय दिलं की ती मिटेल हे त्याच पत्रात आहे. लटकवणारा नेमकं हेच सांगत नाही. दुसरं असं, की त्यांच्या वरिष्ठांनी तक्रारी ऐकून घेतल्या पण बाईंच्या डोक्यावरून सही केली नाही. हे लोक गोष्टीत कायम विसरले जातात. पाठीशी वरिष्ठ नसता तर त्याच केल्सी, तेच प्रश्न, आणि औषध मार्चमध्ये दुकानात. बाईंनाही हे कळत होतं. श्रेय माझ्या एकटीचं नाही, गाइस्मर आणि ओयामा यांचंही आहे, असं त्या सांगत राहिल्या.

आणि एक कडू गोष्ट. समजा औषध निर्धोक निघालं असतं. तरी त्यांचे प्रश्न इतकेच बरोबर ठरायला हवे होते, कारण कागद तेवढेच पोकळ होते. पण मग कोणी पदक दिलं नसतं. एका औषधाला उगीच दीड वर्ष रखडवणारी बाई म्हणून मेरेलच्या ऑफिसात नाव निघालं असतं आणि मीही, त्या ऑफिसात असतो तर, नाव काढणाऱ्यांतच असतो.

७ ऑगस्ट १९६२ ला केनेडींनी पदक दिलं. त्या नव्वदीपर्यंत एफडीएत काम करत राहिल्या आणि २०१५ मध्ये १०१ व्या वर्षी गेल्या, तारीख पुन्हा ७ ऑगस्टच. थॅलिडोमाइड मात्र गेलं नाही. कुष्ठरोगातल्या एका दाहक प्रतिक्रियेवर आणि मल्टिपल मायलोमा या कर्करोगावर ते आजही, कडक बंधनांखाली, वापरतात. १९९८ मध्ये एफडीएनेच त्याला मान्यता दिली, या खेपेस पुरावा बघून.

प्रकरण शिकवताना मी मुलांना १० नोव्हेंबरपर्यंतचीच माहिती देतो, औषधाचं नाव झाकून. तुम्ही अधिकारी आहात, पत्र लिहा. बहुतेक जण मंजूर करतात, वर दोन-तीन शोभेच्या क्वेऱ्या टाकतात. स्टॅबिलिटी डेटा (औषध किती टिकतं त्याची माहिती) द्या, लेबलवरचा फॉन्ट मोठा करा, असल्या. गेल्या वर्षी एका मुलीने कोऱ्या कागदावर एकच ओळ लिहिली, 'उंदीर झोपले का?' मी तो कागद ठेवून दिला आहे.

नंतर तीच मुलगी माझ्या हाताखाली आली. एका निर्यातीच्या डॉसियरवर काम चाललं होतं. सुरुवातीला आम्ही एक तक्ता लावतो, हे औषध कोणकोणत्या देशांत नोंदवलेलं आहे याचा. देश, नोंदणी क्रमांक, तारीख. जितका लांब तितका बरा. ती बराच वेळ तक्ता बघत बसली आणि म्हणाली, "सर, या देशांनी काय तपासलं हे यात नाहीये. मग हा तक्ता कशासाठी लावायचा?"

मी म्हणालो, फॉरमॅटमध्ये आहे.